अठ्ठेचाळीस मिनिटं आधी

"पेटायच्या आधी पुण्याला विचारतो हा. घर माझं, वायर माझी, आणि परवानगी पुण्याची."

"हळू बोला. मालन इथंच आहे."

"असू दे की. तिला ऐकू जावं म्हणूनच बोलतोय."

मी इथंच म्हणजे स्टुलावर उभी होते, मगदूमांच्या हॉलमधल्या उंच कपाटात डोकं घालून. भूपालअप्पांची खुर्ची माझ्या गुडघ्यापासून हातभर लांब. खाली अप्पा बल्बाला बोल लावत होते आणि राजमतीकाकू त्यांना गप्प बसवत होत्या. मी कपाटातच हसून घेतलं आणि धूळ नाकात गेली म्हणून शिंकले.

"बघा, शिंकली," काकू म्हणाल्या. "मालनच्या साडीच्या पदराला सगळी धूळ लागली. पिवळी साडी नेसून आली आणि आमचं कपाट पुसून निघाली बिचारी."

काकूंना सगळं असं बोलून दाखवायची सवय होती. कोण आलं, काय नेसलं, हातात काय आहे, चहाचा कप टेबलावर कुठल्या बाजूला ठेवला. मला वाटायचं, म्हातारपणी घरात दोनच माणसं उरली की बायकांची जीभ अशी सैल सुटत असेल. माझीही सुटेल.

याला आता सात वर्षं झाली. जयसिंगपुरात तेव्हा असल्या कामाला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मीसुद्धा काही शिकून आलेली नव्हते. नवरा केबल जोडायचा. त्याला शिडीवर चढलं की चक्कर यायची, म्हणून शिडीवर मी चढायचे आणि खालून तो सूचना द्यायचा. पुढं केबल गेली, इंटरनेट आलं. सूचना देणारा खुर्चीत बसून टीव्ही बघायला लागला आणि मी एकटीच चढत राहिले. बारावी नापास बाई. व्हिडिओ लावायचे, त्यातलं इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं निम्मं हातानं करून बघायचे. दोन राउटर जाळले तेव्हा तिसरा जमला.

मगदूमांच्या घरातले दिवे मी बसवलेले नव्हते. ते सन्मतीचे. अप्पांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात मोठ्या नोकरीवर. आदल्या दिवाळीत अप्पा संध्याकाळी मोरीत पाय घसरून पडले, तेव्हा सन्मती दोन दिवस रजा काढून आला आणि घरभर हे हुशार दिवे लावून गेला. दिवस मावळल्यावर माणूस खोलीत आलं की लागणारे, संध्याकाळ झाली की आपोआप उजळणारे. हॉलमध्ये एक कॅमेराही. सगळं इंटरनेटवर. नेट गेलं की दिव्यांची अक्कल जायची, आणि आमच्याकडं नेट आठवड्यातून तीनदा जायचं.

"मला हे सगळं घरातल्या घरात चालणारं करून दे," अप्पा म्हणाले. "बाहेर काही जायला नको, बाहेरून काही यायला नको. होतं का तसं?"

"होतं की. एक डबी लागते, तळहाताएवढी. सगळे दिवे तिलाच विचारणार. नेटची वायर तोडली तरी चालतं."

"तोडच. आणि तो डोळा काढ आधी भिंतीवरचा."

डोळा म्हणजे कॅमेरा. मी काकूंकडं बघितलं. काकूंनी मान हलवली आणि मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं.

स्वयंपाकघरात त्यांनी आवाज खाली आणला. "सन्मती म्हणतो, आणखी एकदा काही झालं तर दोघांनी मुकाट पुण्याला यायचं. गिऱ्हाईकपण बघून ठेवलंय घराला. सोळाव्या मजल्यावर राहतो गं तो. हे तिथं काय करणार? इथं उंबऱ्यापासून बसदीपर्यंत ह्यांना पाऊल न् पाऊल पाठ आहे."

बसदी म्हणजे त्यांचं जैन मंदिर, दोन गल्ल्या पलीकडं.

"पाठ आहे" हा शब्द मी ऐकला. ऐकला आणि चहाबरोबर पिऊन टाकला. मला तेव्हा काही कळलं नव्हतं असं आज म्हणणं सोपं आहे. एकदा मी अप्पांपुढं पेन धरलं होतं आणि त्यांचा हात पेनाच्या वीतभर बाजूनं गेला होता. काकूंनी मध्येच पेन घेऊन त्यांच्या बोटांत दिलं. "धरताय कुठं, लक्ष कुठं आहे तुमचं," असं वरून रागावल्याही. मी बिलाच्या पावतीकडं बघत राहिले. दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्या माणसानं काय बघायचं आणि काय नाही, हे धंद्यात लवकर शिकावं लागतं.

कॅमेरा मी काढला. सन्मतीला काकूंनी फोनवर सांगितलं, भिंतीत ओल आली म्हणून काढावा लागला. डबी कपाटात बसवली, सगळे दिवे तिच्या ताब्यात दिले. स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब तेवढी काकूंनी जोडू दिली नाही. "एक तरी दिवा माझ्या हाताचा राहू दे," म्हणाल्या. तिचं बटण जुन्या पद्धतीचं, काळं, दाबलं की खट्‌कन वाजणारं. आणि ट्यूब लागायच्या आधी तिचा चोक मधमाशीसारखा गुणगुणायचा.

काम संपलं तेव्हा अप्पांनी मला समोर बसवून घेतलं.

"ह्या तुझ्या डबीला सूर्य कळतो का?"

"कळतो. गाव कुठं आहे ते एकदा सांगितलं की रोजचा उगवता-मावळता ती स्वतःच काढते. नेट लागत नाही त्याला."

"मग तिला घंटी वाजवायला सांग. सूर्य मावळायच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी. रोज."

मी हसले. "अठ्ठेचाळीसच का? पन्नास नाही?"

"दोन घटका होतात," ते गंभीरपणे म्हणाले. "दोन घटका आधी अंथऊला बसायचं, दिवस असेपर्यंत उठायचं."

अंथऊ म्हणजे त्या लोकांचं संध्याकाळचं जेवण, सूर्य असेपर्यंतचं. दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. आमच्या गावात हे पाळणारी घरं पुष्कळ, पण अप्पांसारखं कुणी नव्हतं. बाराव्या वर्षी कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर महाराजांसमोर नेम घेतलेला. पुढं वीज मंडळात मीटर तपासनीस म्हणून चाळीस वर्षं खेडोपाडी फिरले, पण डबा सोबत असायचा आणि सूर्य उतरायला लागला की असेल त्या खांबाखाली बसून जेवायचे. सन्मतीच्या लग्नात वऱ्हाड रात्री नऊला जेवलं, नवऱ्याचे वडील पाचला. बासष्ट वर्षांत एक दिवस चुकलेला नाही, हे ते सांगायचे नाहीत, काकू सांगायच्या.

"पण अप्पा, तुम्ही तर भिंतीवरचं ऊन बघून वेळ सांगायचा म्हणे. घंटी कशाला?"

काकू पदरानं टेबल पुसायला लागल्या.

"ढग असले की कळत नाही," अप्पा म्हणाले.

"आणि वयानं आळस येतो," काकू म्हणाल्या, "लाव बाई तू घंटी."

लावली. कपाटाच्या वर एक छोटा भोंगा ठेवला, बसदीच्या घंटेसारखा आवाज शोधून त्यात भरला. अप्पांना तो इतका आवडला की त्यांनी मला तीनदा वाजवून दाखवायला लावला.

त्यानंतरचे चार-पाच महिने फार छान गेले. काही ना काही निमित्तानं माझी फेरी व्हायची. कधी घंटीच्या वेळेला गेले, तर अप्पा पाटावर बसलेले, समोर पश्चिमेची खिडकी. पहिला घास घ्यायच्या आधी विचारणार, "उजेड आहे की अजून?" काकू वाढता वाढता सांगणार, "आहे. भिंतीवर ऊन कॅलेंडरपर्यंत आलंय." मगच घास तोंडात. मला ते त्या दोघांचं जुनं लाडाचं बोलणं वाटायचं. माझा नवरा मला कधी काही विचारत नाही, म्हणून हेवाही वाटायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी काकू महिला मंडळाबरोबर बाहुबलीला विधानाच्या पूजेला गेल्या. पाचच्या आत परत यायचं ठरलं होतं, तरी ताट झाकून ठेवलेलं. त्या दिवशी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर बिघडला. अकराला गेलेली वीज दोनला आली. मी माझ्या दुकानात नुसती बसून होते, मला दुसरं काही सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं.

साडेसातला काकूंचा फोन आला. मागं गाडीची घरघर.

"मालन, आमची गाडी बंद पडली होती हातकणंगल्याजवळ. आता वाटेत आहोत, पोचतोच. हे फोन उचलत नाहीत गं. जेवून बसले असतील केव्हाच, पण एकदा डोकावून ये ना."

गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय. तुळशीचं लग्न होऊन माणसांची सुरू झालेली, त्यामुळं बँड, स्पीकर, झाडांना लाल-हिरव्या माळा. फोन कसा ऐकू येणार. मगदूमांचं फाटक उघडलं आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की पडवीतला दिवा लागलेला नव्हता. हा दिवा सूर्य मावळला की लागणारा. म्हटलं, बल्ब गेला. मग खिडकीकडं बघितलं. हॉल अंधारात. एक बल्ब जाईल, सगळे कसे जातील?

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आले तर स्वयंपाकघरातून ताटाला वाटी लागल्याचा आवाज.

"कोण?"

"मी मालन, अप्पा."

"ये ये. आत्ताच घंटी झाली. बस."

मी दारात थांबले. अप्पा पाटावर बसले होते, पाठ ताठ, तोंड पश्चिमेच्या खिडकीकडं. खिडकीतून लग्नाच्या माळांचा प्रकाश येत होता. ताट क्षणभर लाल दिसायचं, क्षणभर हिरवं, मग काहीच नाही. त्यात ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, कडेला ताकाची वाटी. अर्धी भाकरी संपलेली.

"आज दिवस फार मोठा वाटला बघ," ते म्हणाले. "दुपारी डोळा लागला, उठून कितीतरी वेळ बसलो, तरी घंटी होईना. भूक लागून विझून गेली. आणि ह्या लग्नवाल्यांनी डोकं उठवलंय. बसदीची घंटासुद्धा ऐकू येत नाही. पूर्वी वराती रात्री निघायच्या, आता दिवसाउजेडी नाचतात."

दोन गोष्टी एकदम कळल्या, आणि एक कळली म्हणूनच दुसरी कळली.

पहिली माझी. त्या डबीत स्वतःचं घड्याळ नव्हतं. सुरू झाली की ती इंटरनेटला वेळ विचारायची, तेवढं एक बाहेरचं तिला लागायचं, आणि तेच मी तोडलं होतं. वेळ एकदा हातानं भरून दिली आणि विसरले. अर्ध्या तासापर्यंतची वीज तिची छोटी बॅटरी भरून काढायची, पण आज तीही संपली तशी डबी झोपली, वीज आली तशी उठली, आणि झोपेतले अडीच तास जणू झालेच नाहीत असं धरून जिथं थांबली होती तिथून पुढं मोजायला लागली. तिच्या हिशेबानं बाहेर आता ऊन होतं. म्हणून दिवे नव्हते. म्हणून घंटी पावणेआठच्या तोंडावर वाजली.

आणि दुसरी समोर बसून अंधारात जेवत होती.

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. भाजीला लावला. मग नेहमीसारखे थांबले. काकू घरात नव्हत्या, म्हणून तोंड माझ्या दिशेला वळवलं. माझ्यापासून जरासं बाजूला.

"उजेड आहे की अजून?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बासष्ट वर्षं आठवली. सोळावा मजला आठवला. काकूंचं ते "पाऊल न् पाऊल पाठ आहे" आठवलं.

"आहे, अप्पा."

"कुठपर्यंत आलंय?"

"कॅलेंडरपर्यंत."

ते समाधानानं हसले आणि घास तोंडात घातला. मी तो घास त्यांच्या घशातून उतरेपर्यंत बघत राहिले. आयुष्यात मी बऱ्याच जणांना फसवलंय, गिऱ्हाइकांना तर रोज सांगते उद्या येते म्हणून. पण कुणाच्या तोंडात असा घास घातला नव्हता.

फाटक वाजलं. काकू आल्या. बाहेरूनच बोलत येत होत्या, "अगंबाई, पडवीत अंधार का, मालन आहेस का गं," आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्या शेजारी येऊन थांबल्या. हातात प्रसादाची पिशवी. त्यांनी ताट बघितलं, खिडकी बघितली, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. काकूंच्या तोंडून शब्द निघेना. एरवी सगळं बोलून दाखवणारी बाई.

मग त्यांचा हात सवयीनं भिंतीकडं गेला. अंधारात आलं की माणूस दिवा लावतो, तेवढंच. काळं बटण खट्‌कन वाजलं, चोक गुणगुणायला लागला.

अप्पांचा हात ताटावरच थांबला.

"दिवा का लावलास?"

ट्यूब दोनदा फडफडून लागली. पांढरा स्वच्छ उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला आणि पापणीसुद्धा हलली नाही.

"अगं, उजेड आहे ना? मग दिवा का लावलास?"

"डास झालेत म्हणून," काकू म्हणाल्या.

"डासांना दिवा कशाला लागतो?"

अप्पांनी हातातला तुकडा ताटात ठेवला, अलगद, आवाज होऊ न देता.

"मालन, किती वाजले? तुझ्या हातातल्या घड्याळात बघून सांग. डबीतले नकोत."

"पावणेआठ होऊन गेले."

बाहेर बँडनं नवं गाणं सुरू केलं. अप्पांनी पाण्याचा तांब्या चाचपला, सापडला, ताटाच्या कडेला हात धुतला. चाचपणं लपवलं नाही. मी त्यांना तसं चाचपताना पहिल्यांदाच बघत होते, आणि तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस ते किती बेतून हात पुढं करत असतील.

"अप्पा, चूक माझी आहे," मी म्हटलं. "दुपारी वीज गेली होती. डबीचं घड्याळ मागं पडलं. बाहेर वेळ विचारायची तिची सोय मीच बंद केली होती. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"बंद करायला मी सांगितलं होतं." त्यांनी ओला हात पुसला. "आणि ऊन? ऊन कॅलेंडरपर्यंत आलं होतं म्हणालीस."

मी कॅलेंडरकडं बघितलं.

"तिला बोलू नका," काकू म्हणाल्या. "मी रोज सांगते तेच सांगितलं तिनं. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं काही. तरी सांगितलं."

"तू सांगायचीस तेव्हा ते खरं असायचं."

"हो. असायचं."

"दोन वर्षं माझ्यासाठी भिंत बघतेस तू." अप्पांच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटायचं, तुला कळत नसेल. मग वाटायला लागलं, तुला कळलंय हे मला कळलंय हे तुला कळत नसेल. दोघंही शहाणे."

काकू खाली बसल्या, पिशवीसकट, पाटाला लागून. मी निघावं म्हणून वळले तर अप्पा म्हणाले, "थांब मालन. साक्षीला कुणीतरी पाहिजे. ही उद्या म्हणेल, तुम्ही असं म्हणालाच नव्हता." मग काकूंकडं हात पसरला. "सन्मतीला फोन लाव."

"आत्ता नको हो. जेवत असेल तो. मी उद्या सांगते त्याला, वीज गेली होती, घड्याळ चुकलं, नेम मोडला, म्हणून जरा मनाला लागलंय तुमच्या—"

"तू नको सांगूस. सगळं तूच सांगत आलीस."

"तो घर विकेल."

"विकायचं की नाही ते त्याच्याशी बोलू. न बोलता किती दिवस राखणार? आज भाकरी होती म्हणून बरं. उद्या गॅस असेल."

काकूंनी डोळे पुसले आणि फोन काढला. नंबर मी लावून दिला. स्पीकर चालू करून फोन अप्पांच्या तळहातावर ठेवला. तीन रिंगा झाल्या.

"हां आई, पोचलीस का? अप्पा जेवले?"

"मी बोलतोय," अप्पा म्हणाले.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. अप्पा कधी फोनवर येत नसत. "अप्पा? काय झालं? पडलात का?"

"नाही नाही. पडलो-बिडलो नाही. आई आलीय, मालन इथं उभी आहे. सगळं ठीक आहे." त्यांनी मोकळा हात बाजूला पसरला, आणि काकूंनी तो धरला. "घरातली एक गोष्ट आम्ही घरातच ठेवली होती, ती तुला सांगायची राहिली. जेवण थांबव आणि नीट ऐक."

"ऐकतोय, अप्पा."

"सन्मती, मला दिसत नाही."